सासऱ्याचं नाव

१

पुलेंग सुखी आहे, असं सरकारनं कळवलं.

सुखाचा पुरावा म्हणून एक व्हिडिओ जोडला होता आणि त्याचं इंग्रजी भाषांतर. हे सगळं आधी जिनिव्हाला गेलं, बायकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या समितीकडे. तिथून ते आमच्या राजधानीत, मासेरूत परत आलं, सोबत थंडगार निरोप घेऊन: बाईंनी तक्रार मागे घेतलेली दिसते. शुक्रवारपर्यंत त्यांच्या वकिलाचं म्हणणं आलं नाही, तर प्रकरण बंद.

"मग बाईंनाच विचार की," मी म्हटलं.

"कुठं विचारू?" वकीलबाई न्थातिसी म्हणाली. "ती गायब आहे, म्मे मासेनाते. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

म्मे म्हणजे आई, मोठ्या बाईला आमच्याकडे असं म्हणतात; मी मात्र एके काळी पोलिसात होते. नवराबायकोच्या तक्रारी नोंदवायच्या नाहीत, असा तोंडी हुकूम एका साहेबानं दिला, त्या दिवशी टोपी त्याच्या टेबलावर ठेवून बाहेर पडले. आता मी हरवलेली माणसं शोधते. बहुतेक नवरेच असतात. सापडले की बायका म्हणतात, उगाच शोधलंत.

पुलेंगची गोष्ट मला माहीत होती. शाळेच्या वाटेवर त्सेलिसो नावाच्या पोरानं दोस्तांना घेऊन तिला उचललं, डोंगरातल्या आपल्या गावी नेलं आणि झोपडीत कोंडून तिचे हाल केले. आमच्याकडे याला लग्नाची एक रीत म्हणतात. पोलीस म्हणाले, रीत आहे. गावच्या कोर्टानं पोराच्या बापाकडून पोरीच्या घरी गाई पाठवल्या आणि म्हणालं, झालं लग्न. वरच्या कोर्टानं जांभई दिली. पोरगी पळून आली आणि न्थातिसीला घेऊन थेट जिनिव्हाचं दार ठोठावून बसली. तेव्हापासून तिच्या जिवाला धोका होता, म्हणून बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या मोखोरो केंद्रानं तिला लपवलं होतं.

"कुठं लपवलं होतं?"

"मला ठाऊक नाही. मीच म्हटलं होतं, मला सांगू नका. सासरचे लोक येऊन दम देतात. ठाऊकच नसलं तर सांगणार काय? फक्त तिघांना माहीत होतं. केंद्राचे संचालक डॉ. लेहाना, ज्यांच्या चर्चच्या आवारात ती राहायची ते पाद्री मोरुती सेखोबो, आणि तिला तिथं पोचवणाऱ्या सार्जंट मालिनेओ."

तिनं व्हिडिओ लावला. पुलेंग जाड तपकिरी ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून मातीच्या भिंतीसमोर बसली होती. ब्लँकेटच्या लोकरीत गुलाबी काहीतरी अडकलं होतं. डोळे कॅमेऱ्याच्या जरा वर, धरणाऱ्याच्या तोंडाकडे.

"मी पुलेंग. त्सेलिसोची बायको. रामोहापीची सून. मी माझ्या घरी सुखी आहे. जिनिव्हाची तक्रार मागे घेते."

माझ्या हातातला चहा ब्लाउजवर सांडला.

"काय झालं?" न्थातिसीनं विचारलं. तिचं लग्न झालेलं नाही आणि ती शहरात वाढली. तिला काय कळणार!

"पोरी," मी म्हटलं, "ही एक तर पुलेंग नाही, नाहीतर आपल्याला हाका मारतेय."

२

पुलेंगची आई म्मे मापुलेंग समोर बसली होती. तिनं व्हिडिओ पाहिला आणि तिसऱ्या वाक्याला कानांवर हात नेले.

"नाव घेतलं! सासऱ्याचं नाव घेतलं!"

आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. तो मेला तरी नाही. माझा नवरा दुसरीकडे नांदायला गेला, सासरे जाऊन कित्येक वर्षं झाली, तरी त्यांच्या नावाचा कोणी भेटला तर मी त्याला "अहो, तुम्ही" अशीच हाक मारते. हे चांगलं की वाईट, यावर मी भाषण देणार नाही. भाषणं देणारे पुढे येतीलच.

"तुमचीच मुलगी आहे ना ही?" मी विचारलं. "शहरातली कुणी नटी नाही?"

"नऊ महिने पोटात वागवलंय मी तिला!" म्हातारी भडकली. "डाव्या भुवईवरचा व्रण दिसत नाही तुम्हाला? चुलीच्या दगडावर पडली होती. आणि आवाज? तो काय बाजारात मिळतो?"

"रीत शिकवली होती तिला?"

"मीच शिकवली. मीठ मागावं तशी सहज पाळायची. त्या झोपडीत मार खाल्लान, तेव्हाही त्या थेरड्याला 'ते' म्हणायची. मला सांगताना पण 'ते'." म्हातारी थांबली. हात हळूच खाली आले. "मग आज का घेतलं?"

"सून नाव घेत नाही," मी म्हटलं. "मग जी घेते ती कोण?"

न्थातिसी सावकाश खुर्चीत बसली. "सून नाही."

सुखी असल्याचं वदवून घेणाऱ्याच्या तोंडावर पोरीनं सांगून टाकलं होतं की ती त्या घरची नाही. सरकारनं ते जपून घडी करून जिनिव्हाला पाठवलं, वर भाषांतराचा खर्चही स्वतः केला. मंत्रालयातल्या ज्या साहेबानं ते पाहिलं, त्यानं इंग्रजी कागद तेवढा वाचला असणार. आपल्या भाषेत ऐकायला त्यांना वेळ कुठं असतो!

"पण मग," न्थातिसी म्हणाली, "समोर फोन धरून जो उभा होता, त्याला हे कळलं कसं नाही?"

तोच खरा प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर असलेला माणूस त्या तिघांतलाच होता.

३

सासरच्यांनीच उचलून नेलं असेल, हे आधी खोडून काढते. ब्लँकेटवर गुलाबी पाकळ्या होत्या, पीचच्या. इथं सखल भागात आत्ता पीच फुललेत. रामोहापीच्या गावी अजून गुडघाभर बर्फ आहे. तिथं झाड म्हणून उगवत नाही, लोक शेण जाळतात. शिवाय त्या घरातला कुणीही फोनमागे असता, तर तिसऱ्या वाक्याला पोरीच्या तोंडावर हात पडला असता आणि व्हिडिओ तिथंच संपला असता.

मोरुती सेखोबो चर्चमागे कोबीला पाणी घालत होते.

"मी तिला दोन आठवड्यांमागं रविवारी प्रार्थनेला बोलावलं," ते म्हणाले, "तर खोली रिकामी. कपडे नाहीत, ब्लँकेट नाही. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, काळजी करू नका, तिला अधिक सुरक्षित जागी हलवलंय. मी म्हटलं, देवाची इच्छा."

"देवाची की डॉक्टरांची?"

"तुम्ही चर्चला येत नाही ना, म्मे मासेनाते?"

"येते. बाहेरून बघते. तुमच्या आवारात पीच आहे?"

"कुणाच्या आवारात नाही?"

खरं होतं. मी फोन पुढे केला आणि व्हिडिओ लावणार, तेवढ्यात हात मागे घेतला. मनात काहीतरी चमकलं. हा व्हिडिओ एकट्या-दुकट्याला दाखवायचा नाही. तिघांना एकाच वेळी दाखवायचा.

सार्जंट मालिनेओ ठाण्याच्या पायरीवर मक्याचा पापा आणि पालेभाजी खात होती. मला पाहून तिनं डबा पुढे केला. मी एक घास घेतला. माजी पोलीस काय, आजी पोलीस काय, भूक तीच.

"त्या पोरीला मी दिलं नाही, आउसी," ती सरळ म्हणाली. मला ती ताईच मानते. "साहेबांनी विचारलं होतं, कुठं आहे? मी म्हटलं, विसरले. त्यांनी बढती विसरून दाखवली."

"डॉ. लेहानांचं काय मत तुझं?"

ती घास चावत राहिली. मग म्हणाली, "त्यांच्या शिबिराला एकदा जावं लागलं होतं. पोलीस खात्याचा हुकूम होता. तिथं ते बायकांना एकेक करून उभं करतात आणि सासऱ्याचं नाव मोठ्यानं घ्यायला लावतात. म्हणजे म्हणे आपण मुक्त होतो. घेतलं की टाळ्या वाजवतात, फोटो काढतात."

"तू घेतलंस?"

"गणवेशात होते. घेतलं." तिनं डबा बंद केला. "घरी जाऊन सासऱ्यांना पाणी द्यायला हात उचलेना. त्यांना काही ठाऊक नव्हतं, बिचारे विचारत राहिले, पोरी, ताप आहे का?"

"पुलेंग होती त्या शिबिरात?"

"होती की. तिनं घेतलंच नाही. डॉक्टर म्हणाले, हिला अजून खूप शिकायचंय."

४

मोखोरो केंद्राच्या भिंतीवर त्याच शिबिराचा फोटो टांगला होता. बायका ओळीनं उभ्या, तोंडं उघडी, डोळे जमिनीत. मध्ये डॉ. लेहाना टाळ्या वाजवत. आधी मला वाटलं होतं, गाण्याचा कार्यक्रम असेल.

डॉक्टरांनी मला सुकवलेले पीच दिले. "घ्या, म्मे. मामीच्या बागेतले. शहरात अशी चव नाही."

त्यांच्याकडे उंची सूट होता, मऊ आवाज होता आणि प्रत्येक वाक्यात 'महिला' होत्या.

"पुलेंगनं दबावाखाली माघार घेतली, याचं मला अतीव दुःख आहे. पण महिलेच्या निर्णयाचा आदर करायला हवा. शेवटी निवड तिची."

"तिला तुम्ही हलवलंत, असं मोरुती म्हणतात."

"हलवणार होतो. त्याआधीच ती गेली. मोरुतींचा गैरसमज झाला असेल, वय झालंय त्यांचं."

"आणि हा नवा सूट?"

ते लाजले. पुरुष असे लाजले की मी खुर्ची सरकवून घेते. "सरकारनं माझं नाव सुचवलंय. जिनिव्हाच्या त्याच समितीवर. तज्ज्ञ सदस्य म्हणून."

"ज्या समितीकडे तुमच्याच केंद्रातल्या पोरीची तक्रार आहे, याच सरकारविरुद्ध?"

"आपल्या देशाच्या प्रकरणात सदस्याला बसताच येत नाही. त्यामुळे हितसंबंधांचा प्रश्नच येत नाही."

बरोबर. बसता येत नाही. पण ज्या सरकारवर बाईला सांभाळलं नाही असा ठपका यायचा, तेच सरकार त्याच केंद्राच्या साहेबाला त्याच समितीवर पाठवणार कसं? तक्रार आधी मेली, तर मात्र सगळं गुळगुळीत. बायकांच्या हक्कांच्या खुर्चीत जाऊन बसायला एक बाई तेवढी आड येत होती.

पण हा संशय झाला. संशयावर मी पोलिसात असतानाही कुणाला आत टाकलं नाही. उद्या दुपारी सगळ्यांनी केंद्रात जमावं, असा निरोप मी धाडला. पुलेंगला निरोप देण्यासाठी, असं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, फार छान कल्पना. मी फुलं मागवतो.

५

फुलं आली होती खरंच. लोकांना लाज विकत मिळत नाही.

मोरुती, सार्जंट मालिनेओ, म्मे मापुलेंग आणि डॉक्टर बाकावर बसले. न्थातिसी दाराशी. मी पडद्याच्या बाजूला उभी राहिले, पडद्याकडे पाठ करून. मला व्हिडिओ पाहायचा नव्हता, चेहरे पाहायचे होते.

"मी पुलेंग. त्सेलिसोची बायको."

चौघं पडद्याकडे बघत होते.

"रामोहापीची सून."

सार्जंट मालिनेओचा हात तोंडावर गेला. तिनं हा व्हिडिओ आधी पाहिला नव्हता, हे तिच्या डोळ्यांनी सांगितलं. मोरुती खोकले आणि बुटांकडे बघायला लागले. म्हातारी आईसुद्धा, सगळं ठाऊक असून, पुन्हा कचरली. आणि डॉ. लेहाना मान डोलावत होते. हसरी मान. मांडीवर त्यांचे दोन्ही तळवे एकमेकांजवळ आले होते. अगदी जवळ.

मी व्हिडिओ थांबवला.

"टाळी वाजवा ना, डॉक्टर. अडलात का?"

"काय?"

"या खोलीत त्या वाक्यानं प्रत्येकाला चटका बसला. ही पोलीसबाई सून आहे. हे मोरुती आयुष्यभर सुनांची लग्नं लावतात. दोघांपैकी कुणी फोनमागे असतं, तर पोरीला थांबवलं असतं: हे काय बोललीस, पुन्हा म्हण. सासरच्यांनी तर थोबाड फोडलं असतं. व्हिडिओ मात्र नीट शेवटपर्यंत गेला. म्हणजे फोन धरणाऱ्याला ते वाक्य खटकलं नाही. उलट आवडलं. या देशात सुनेच्या तोंडून सासऱ्याचं नाव ऐकून खूश होणारा माणूस एकच आहे, आणि त्याचा फोटो त्या भिंतीवर आहे."

"हा आरोप हास्यास्पद आहे. ती प्रथा भेदभावाची आहे, मी त्यावर शोधनिबंध..."

"तुम्ही निबंध लिहिलात. तिनं तुम्हाला वाचलं. शिबिरात तुम्ही घ्यायला लावलंत तेव्हा तिनं नाव घेतलं नाही, कारण तेव्हा तिला सांगायचं काही नव्हतं. आत्ता सांगायचं होतं. तिला ठाऊक होतं, मासेरूत प्रत्येक बाईला ऐकू जाईल आणि समोर उभ्या असलेल्या बायकांच्या कैवाऱ्याला तेवढं जाणार नाही."

डॉक्टर उठले. "मी मंत्र्यांना फोन करतो."

"करा. आधी एवढं सांगा, मामीची बाग कुठं आहे?"

त्यांनी घड्याळाकडे बघितल्यासारखं केलं. मनगटावर घड्याळ नव्हतं.

"मला ठाऊक आहे," सार्जंट मालिनेओ उठत म्हणाली. "दर उन्हाळ्यात खात्याच्या गाडीतून यांच्या पीचच्या पेट्या मीच आणते."

"तुमच्याकडे वॉरंट नाही!" डॉक्टर ओरडले. मऊ आवाज पहिल्यांदाच फाटला.

"न्ताते," सार्जंट बापाला म्हणावं तशी आदरानं म्हणाली, "पीच आणायला कधी लागलं होतं का?"

६

बाग तेयातेयानेंगच्या रस्त्याला होती. मामी दारातच मक्याची कणसं सोलत होत्या.

"डॉक्टर म्हणाले, पोरीच्या जिवाला धोका आहे, कुंपणाबाहेर सोडू नका," त्या म्हणाल्या. "रविवारी तिच्या घरची माणसं न्यायला येणार आहेत."

"कुठल्या घरची?"

"सासरची. आणखी कुठली?"

म्मे मापुलेंग पुढचं ऐकायला थांबलीच नाही. मागच्या अंगणातून तिची किंकाळी आली आणि मग दोघींचं रडणं. मी बाहेरच थांबले. तिथं माझं काम नव्हतं.

थोड्या वेळानं पुलेंग आली. तपकिरी ब्लँकेट, पाकळ्या तशाच.

"कुणाला ऐकू आलं?" तिनं विचारलं.

"मला. चहा सांडला."

ती हसली. हसताना भुवईवरचा व्रण वर गेला. "तो म्हणाला, माझ्या केंद्राचीच जागा आहे, चल. इथं आल्यावर माझा फोन काढून घेतला. म्हणाला, तक्रार हरलीस. आता नीट बोललीस तर आईला कुणी हात लावणार नाही. लिहून दिलं होतं, 'त्सेलिसोची बायको, घरी सुखी.' सासऱ्याचं मी घातलं. मला वाटलं, पकडेल. घाम फुटला होता."

"आणि तो?"

"म्हणाला, शाब्बास. बघ, तू बदललीस."

सार्जंट मालिनेओ कुंपणाकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही.

न्थातिसी मात्र नखं कुरतडत होती. "पोरगी मिळाली, माघार खोटी ठरेल. पण सरकारचा मूळ मुद्दा उरतोच. ते म्हणणार, रीतीनं लग्न झालेलं आहे, हा घरगुती मामला आहे. आमच्याकडे ते लग्न नव्हतं याचा पुरावा काय? सासरचे तर छातीठोकपणे म्हणतात, आमची सून."

पुलेंगनं ब्लँकेटवरची एक पाकळी उचलली. "मग त्यांनाच विचारा ना," ती म्हणाली. "हा व्हिडिओ 'त्यांना' दाखवलाय का कुणी?"

७

गुरुवारी मी आणि न्थातिसी बर्फातून रामोहापीच्या गावी पोचलो. गावचा मुखिया कोर्टाच्या आवारात दगडी भिंतीच्या आडोशाला बसला होता, भोवती पुरुष, ब्लँकेटं खांद्याला अडकवलेली. रामोहापी पुढच्या ओळीत. बाजूला त्सेलिसो, तोंडात गवताची काडी.

"सुनेला आणलंत का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"निरोप आणलाय, न्ताते. सरकारनं साऱ्या जगाला दाखवलाय, तुम्हालाच राहिला होता. आणि ही वकीलबाई इथलं बोलणं रेकॉर्ड करणार आहे. चालेल?"

"करू दे. आम्ही काय चोर आहोत?" मुखिया म्हणाला.

न्थातिसीनं आपला फोन दगडावर उभा केला. मी माझा पुढे धरला. पुलेंगचा आवाज त्या थंडीत लख्ख उमटला. तिसरं वाक्य झालं आणि सगळ्या पुरुषांच्या माना एकदम रामोहापीकडे वळल्या. मागं कोणीतरी फिस्सकन हसलं.

म्हातारा काठीवर उठला. दाढी थरथरत होती.

"माझं नाव? त्या कार्टीनं? सगळ्या जगासमोर?"

"तुमची सूनच ना ती?" मी विचारलं. इतक्या नम्रपणे मी कधी साहेबालाही काही विचारलं नव्हतं.

"सून? असली सून असते? कुठल्या सुनेनं असं केलंय आजवर? ती माझी सून नाही! कधी नव्हती! तिच्यासाठी आम्ही स्वागताची मेंढी तरी कापली होती का? कुणी पाहिलीय?"

"बाबा, गप्प बसा," त्सेलिसो कुजबुजला. काडी खाली पडली होती.

"तू गप! तूच आणलीस ही अवदसा! मुखिया, सगळ्यांसमोर सांगतो, लग्न झालंच नव्हतं. माझ्या घरात त्या बाईला जागा नाही!"

मुखियानं गंभीरपणे मान हलवली. "ऐकलं आम्ही. मेंढी कापल्याशिवाय सून घरची होत नाही, आणि ती कापली नव्हती, हे मलाही आठवतं. ती रामोहापीची सून नाही. नोंद घ्या."

न्थातिसीनं नोंद घेतली. दोन न्यायालयांनी जे मानलं नव्हतं, ते त्या म्हाताऱ्यानं रागाच्या एका उबळीत देऊन टाकलं, आणि वर साक्षीदार म्हणून अख्खं गाव उभं केलं. लग्न नव्हतं, तर त्या झोपडीत जे झालं त्याला काय म्हणायचं, हे त्याला अजून सुचलं नव्हतं. त्सेलिसोला सुचलं होतं. त्याचा चेहरा बर्फासारखा झाला होता.

शुक्रवारी दोन व्हिडिओ जिनिव्हाला गेले. एक गावच्या कोर्टातला. दुसरा पुलेंगचा. तो काढताना न्थातिसी सवयीनं म्हणाली, "पूर्ण ओळख दे, समितीला लागते. कुणाची कोण."

पुलेंगनं ब्लँकेट बाजूला ठेवलं.

"मी पुलेंग," ती म्हणाली. "मापुलेंगची मुलगी. तक्रार माझी आहे. मी ती मागे घेतलेली नाही. पुढचं वाचा."